मानेपुरती खिडकी

मित्रांनो, मी एक जुना खोडा आहे. खोडा म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नसेल, तर फारच बरं. माझ्यासारख्या वस्तूची ओळख कुणाला नसावी असंच मला वाटतं. पण आज सगळं सांगतो. सांगितल्याशिवाय मनावरचं ओझं उतरणार नाही, आणि आता माझ्याकडे वेळच वेळ आहे.

मी एक लांबट लाकडी पेटी आहे. माझ्या पुढच्या बाजूची फळी दोन तुकड्यांची आहे. खालच्या तुकड्याला अर्धगोल खाच आहे, वरच्यालाही तशीच. वरचा तुकडा खोबणीतून खाली सरकवला की मधे एक गोल भोक उरतं, बरोबर सशाच्या मानेपुरतं. अंग आत, डोकं बाहेर. वरून झाकण लावायचं आणि बाहेरून खिटी फिरवायची. मग आतल्याला पुढे जाता येत नाही, मागे वळता येत नाही, स्वतःची पाठही चाटता येत नाही. धरून ठेवणं, एवढंच माझं काम.

मला एका म्हाताऱ्या सुताराने बनवलं. त्याचं दुकान एका अरुंद बोळात होतं. आत पाय ठेवायला जागा नाही, जिकडेतिकडे भुसा, आणि मागच्या पडद्याआड त्याचं बिऱ्हाड. एक माणूस घाईघाईने आला आणि मापं देऊन गेला. सुताराने विचारलं, "कशाला हवंय?" तो दुकानाची पायरी उतरता उतरता म्हणाला, "सशासाठी." बस्स, एवढंच. सुताराला वाटलं, कुणीतरी हौसेने ससा पाळलाय आणि त्याच्यासाठी घर करून घेतंय. गडी एकदम खुलला.

"ऐकलंस का," तो पडद्याकडे तोंड करून बायकोला म्हणाला, "खिडकीसुद्धा ठेवायला सांगितलीय! आत बसल्या बसल्या तोंड बाहेर काढून बघेल पठ्ठ्या."

"मग कड नीट घासा," बायको आतून म्हणाली. "मान खरचटेल बिचाऱ्याची."

त्याने कड घासली. आधी जाड पॉलिश पेपरने, मग बारीक, मग अगदी झिजून गेलेल्या तुकड्याने. मधे मधे स्वतःचं मनगट भोकात घालून फिरवून बघायचा, कुठे टोचतंय का ते. शेवटी कड इतकी गुळगुळीत झाली की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. खिटी बाहेरून कशाला, हे मात्र त्याला कळेना. "मांजराबिंजराची भीती असेल," असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली. मलाही ते पटलं. मी तेव्हा नवा होतो आणि सुतार आणि त्याच्या बायकोशिवाय कुणाचं बोलणं ऐकलेलं नव्हतं.

मला नेलं ते एका प्रयोगशाळेत. अर्ध्या भिंतीपर्यंत पांढऱ्या फरशा, जमिनीला पाणी जायला मोरी, छताला सतत गुणगुणणारी ट्यूबलाइट, आणि फिनेल व ओल्या गवताचा मिसळलेला वास. तोंडाला लावायच्या क्रीमपासून भांडी घासायच्या पावडरीपर्यंत, माणसाच्या अंगाला लागणारं जे जे असेल, ते आधी सशाच्या अंगाला लावून बघायचं, ही तिथली पद्धत. एका लांब मेजावर पत्र्याचे खोडे ओळीने मांडलेले होते. त्यांच्या शेवटी मला ठेवलं.

पहिला ससा आत आला तेव्हा मला वाटलं, पाहुणा आला! त्याच्या पाठीवरचे केस काढलेले होते आणि तिथे कसलीशी ओली पट्टी चिकटवलेली होती. फळी खाली सरकली. झाकण बसलं. खिटी फिरली. ससा एकदा मागे गेला, एकदा पुढे आला, आणि मग दोन्ही बाजूंनी अडकलोय हे कळल्यावर जागच्या जागी गोठला. त्याच्या काळजाचे ठोके माझ्या फळ्यांवर आपटत होते. ससे सहसा ओरडत नाहीत, मित्रांनो. त्यांचं सगळं ओरडणं आतल्या आत असतं, आणि त्याच्या आत काय चाललंय ते मला फळीफळीतून ऐकू येत होतं. त्या दिवशी मला कळलं की मी घर नाही आणि ही खिडकी नाही.

संध्याकाळी मोठे सर आले. ते तिथले प्रमुख. त्यांनी सगळ्या सशांच्या माना तपासल्या. पत्र्याच्या खोड्यांमधल्या सशांच्या मानेवर लाल वळ उठले होते. माझ्यातल्या सशाच्या मानेवर काहीच नव्हतं.

"हा खोडा झकास आहे," सर म्हणाले. "ससा कसा शांत बसलाय बघा. यापुढे आधी हाच वापरत जा."

झालं. सगळ्यांत गुळगुळीत म्हणून सगळ्यांत जास्त वापरला गेलो मीच. किती ससे आले आणि किती गेले, मी मोजले नाहीत. पट्टी काढल्यावर त्यांना दुसऱ्या दाराने नेत. त्या दाराने गेलेला ससा पिंजऱ्यात परत आलेला मी कधी पाहिला नाही. याहून जास्त मला सांगवत नाही. मला पुष्कळदा वाटे, एकदा तरी आपली खिटी आपोआप गळून पडावी, निदान एखादी फळी तरी तडकावी. पण सुताराने काम चोख केलं होतं.

त्या जागेत मायेचं एकच माणूस होतं. सशांचं खाणंपिणं बघणाऱ्या बाई. त्यांना सगळे मावशी म्हणत. मावशींच्या कमरेला कायम ओला फडका खोचलेला, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. ससा असो की मोठे सर, त्या एकाच सुरात बोलत. आणि त्यांचा एक स्वभाव होता, कुठलंच भांडं त्या अर्धं ठेवत नसत. सशांच्या वाट्या काठोकाठ. सरांचा चहा बशीत सांडेपर्यंत. कुणी हसलं की म्हणत, "अर्धवट वाढायची सवय नाही बाई मला. आमच्या सासूबाईंनी हातावर चापट मारून शिकवलंय."

खोड्यातल्या सशाला खाणंपिणं द्यायचं नाही असा नियम होता. मावशी आसपास कुणी नाही असं बघून येत, बोट पाण्यात बुडवून सशाच्या ओठांना लावत आणि घाईने फडक्याला हात पुसत निघून जात.

त्यांचा सगळ्यांत लाडका ससा म्हणजे जावईबापू. थोराड, पांढरा, एक कान जरा पडलेला. हाक मारली की तो पाठ फिरवून बसे. कोबीचं पान समोर धरलं तर नाक मुरडी, आणि कुणी बघत नाहीसं वाटलं की मग कराकरा खाई. "रुसले बघा!" मावशी म्हणत. "मानपान लागतो यांना. जावई परवडला, पण हे ध्यान नको." म्हणून त्याचं नाव जावईबापू पडलं. त्याला एक खोड होती. पिंजऱ्याचा कोपरा असो, पाण्याची वाटी असो की मावशींची चप्पल, आवडेल त्या वस्तूवर तो हनुवटी घाशी.

"ससा हनुवटी घासतो ना, म्हणजे हे माझं, असं सांगतो," मावशी सगळ्यांना समजावत. "माझी चप्पल गेली बरं का आता. मी ती फक्त घालते."

माझ्यावर मात्र कुठल्या सशाने कधी हनुवटी घासली नाही. का घासावी?

मग एके दिवशी तिथे नव्या बाई आल्या. त्या म्हणे माणसाची कातडी वाढवत. मावशींनी त्यांचं नाव लगेच कातडीवाल्या बाई असं पाडून टाकलं, तोंडावर मात्र ताई म्हणत. काम असं होतं. ऑपरेशनात कापून काढलेली कातडी एरवी फेकूनच देतात. ज्याची त्याची परवानगी घेऊन बाई ती आणत, तिच्यातले जिवंत कण वेगळे करत आणि बाटलीच्या टोपणाएवढ्या वाट्यांमध्ये वाढवत. वाटीचा तळ चाळणीसारखा. ती वाटी दुसऱ्या भांड्यातल्या गुलाबी पाण्यात उभी करायची आणि सगळं उबेच्या कपाटात ठेवायचं. त्या गुलाबी पाण्यात कातडीचं जेवण असतं. हळूहळू वाटीत खरी कातडी धरते. जे काही तपासायचं ते तिच्यावर लावायचं. सशाचं कामच नाही.

हे ऐकलं तेव्हा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! नवे ससे यायचे बंद झाले. पिंजरे एकेक करून रिकामे झाले. एकटे जावईबापू तेवढे ठेवून घेतले होते, "वेळ पडली तर" म्हणून. बाईंना हातमोज्यांची खोकी ठेवायला काहीतरी उंचवटा हवा होता, म्हणून मला कातडीच्या खोलीत नेऊन कोपऱ्यात ठेवलं. खिटी लावलेलीच राहिली. रिकाम्या खोड्याची खिटी कोण काढणार? आत कुणी नाही, तरी मी बंद. माझं भोक उबेच्या कपाटाकडे होतं. दिवसभर त्यातून एकच देखावा दिसे.

पाहुणे आले की बाई कपाट उघडून दाखवत. "खालून पाणी, वरून हवा," त्या सांगत. "वरून कोरडी राहिली तरच हिचा वरचा थर घट्ट होतो, आपल्या अंगावर असतो तसा. पाणी वर चढलं की संपलं. बोट फार वेळ पाण्यात राहिल्यावर कसं होतं, तशी ही मऊ पडते. मग काहीच सोसत नाही." इतक्या वेळा ऐकून मला हे तोंडपाठ झालं. मावशींनी मात्र ते एकदाही ऐकलं नाही, कारण पाहुणे आले की त्या चहा आणायला गेलेल्या असत.

ससे कमी झाल्यावर मावशींना कातडीच्या खोलीत काम दिलं. एरवी गुलाबी पाणी बाई स्वतः बदलत, पण सुट्टीच्या दिवशी कुणीतरी हवं होतं.

"मावशी, हे बघा," बाईंनी भांड्यावरची रेघ दाखवली. "जुनं पाणी काढायचं, नवीन या रेघेपर्यंत भरायचं. वर नाही हं जाऊ द्यायचं."

"बरं ताई."

बाईंनी रेघ दाखवली, पण कारण सांगितलं नाही. त्यांना गाडी गाठायची होती. मावशींनीही विचारलं नाही. एवढ्या शिकलेल्या पोरीला किती प्रश्न विचारायचे, असा त्यांना संकोच वाटला असणार.

पहिल्याच सुट्टीला मावशी आल्या. हात स्वच्छ धुतले, मोजे घातले, सांगितल्याप्रमाणे रेघेपर्यंत पाणी भरलं. मग वाकून त्या वाट्यांकडे बघत राहिल्या.

"एवढंसंच?" त्या म्हणाल्या. "आणि उद्या कुणी येणार नाही म्हणे. तोवर यांनी काय हवा खायची?"

मित्रांनो, त्यांना हवाच खायची होती! मी आतल्या आत ओरडलो. पण लाकडाचं ओरडणं सशाच्या ओरडण्याहूनही मुकं असतं. मावशींनी बाटली पुन्हा तिरकी केली आणि सगळी भांडी काठोकाठ भरली. गुलाबी पाणी वाट्यांच्या कडेवरून आत उतरलं. "आता कसं पोटभर झालं," असं म्हणून त्यांनी कपाटाचं दार अगदी हळू लावलं.

सुट्टी संपली की त्या सगळ्यांच्या आधी येत, ते पाणी काढत आणि नवं भरत. बाई आता येतीलच, त्या बघतील, म्हणून त्या वेळी रेघेपर्यंतच भरत. यात लपवाछपवी काही नव्हती. घरातली म्हातारी माणसं दप्तरात गुपचूप एक जास्तीची पोळी सरकवतात, तसं ते होतं. बाई येऊन बघत तेव्हा पाणी रेघेपर्यंतच असे.

आणि कातडी काही धड होईना.

ती तपासायची तऱ्हा अशी. कातडीला पिवळं औषध पाजतात. कातडी जिवंत असली तर ते जांभळं होतं. मेलेली असली तर जांभळं होतच नाही. एका वाटीवर मुद्दाम नुसतं पाणी लावतात. ती वाटी जांभळी झालीच पाहिजे, आणि मुद्दाम तिखट औषध लावलेली दुसरी मेलीच पाहिजे, नाहीतर सगळी खेप फेकून द्यायची. बाईंची पाण्याची वाटी जांभळी होईना. कशीबशी मळकट रंगाची होई. त्यांनी गुलाबी पाणी बदललं, कपाटाची ऊब तपासली, कण नव्याने आणले. आईचा फोन आला की "जेवले गं आई, जेवले" म्हणत, आणि डबा तसाच माझ्यावर पडलेला असे. रडल्या नाहीत कधी. खुर्चीत बसून नुसत्या त्या वाट्यांकडे बघत.

मला सगळं माहीत होतं. कोपऱ्यात बसून मी सगळं पाहिलं होतं, कारणही मला पाठ होतं, आणि मला सांगता येत नव्हतं. मला भोक आहे, पण ते दुसऱ्याच्या मानेसाठी. त्यातून शब्द बाहेर पडत नाही. आजवर मी सशांना अडकवून ठेवलं, आता मी स्वतःच्याच आत अडकलो होतो. प्रत्येक सुट्टीला मावशी मायेने यायच्या, आणि प्रत्येक सुट्टीला जावईबापूंची मान माझ्या भोकाच्या आणखी जवळ यायची. हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

शेवटी सर आले. सर काही दुष्ट नव्हते हे सांगितलं पाहिजे. त्यांच्याकडे एक मलम तपासायला आलं होतं, तान्ह्या बाळांच्या अंगावर लावायचं.

"बाळांच्या अंगाला लागणार आहे ते," सर म्हणाले. "तपासल्याशिवाय मी कसं सोडू? आणि तुमची कातडी साधं पाणी सोसत नाही. तिच्यावर कसा भरवसा ठेवू?"

"अजून थोडा वेळ द्या, सर."

"किती वेळ दिला तुम्हाला! आता उद्या जुन्या पद्धतीनेच करू. ससा आहे ना एक?"

मावशी तेव्हा फरशी पुसत होत्या. फडका फरशीवर जागच्या जागी थांबला. मग पुन्हा फिरू लागला, पण त्याच एका जागेवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुम्ही नका करू. मी दुसऱ्या कुणाला सांगते."

"नको. दुसरं कुणी कान धरून उचलेल."

मावशींनी माझ्यावरची खोकी उतरवली. मला मेजावर घेऊन ओल्या फडक्याने आतून बाहेरून पुसलं, भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "त्यातल्या त्यात तूच बरा," असं त्या मला म्हणाल्या. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी बोललं, आणि बोललं ते हे.

त्यांनी जावईबापूंना मांडीवर घेऊन पाठीवरचे केस काढले. जावईबापू रुसून तिसरीकडेच बघत होते. मग त्यांना उचलून माझ्यात ठेवलं. फळी खाली आली. झाकण बसलं. खिटी फिरली. किती दिवसांनी माझ्यावर पुन्हा ते ठोके आपटू लागले. सर आणि बाई मलम आणायला पलीकडच्या खोलीत गेले.

तेवढ्यात मावशींनी पाण्याची जड दगडी वाटी आणली. काठोकाठ भरलेली. नियम मोडायचा, तर आज बोटभर पाण्याने कशाला?

"आज तुम्हाला कोरडं नाही ठेवणार," त्या म्हणाल्या. "पोटभर प्या." त्यांनी फडक्याची घडी करून तिच्यावर वाटी ठेवली, म्हणजे ती बरोबर तोंडाशी येईल. मग कोबीचं पान आणायला वळल्या.

जावईबापूंनी मान वाकवली आणि ते पिऊ लागले. पाणी काठाला भिडलेलं, त्यामुळे ओठांबरोबर नाकही बुडालं. ते शिंकले. डोकं वर घ्यायला गेले, तर वरून माझी फळी. मागे ओढायला गेले, तर माझी कड. वाटी जड, ती हलेना. आत त्यांचे पाय माझ्या तळावर दणदणा आपटू लागले. आणि मी धरून ठेवलं होतं. मला दुसरं काही येतच नव्हतं.

मावशींनी झेप घेऊन वाटी ओढली. अर्धं पाणी त्यांच्या अंगावर सांडलं. जावईबापू शिंकत होते, मिश्यांवरून पाणी गळत होतं.

"अगं बाई, असं कसं झालं!" मावशी त्यांचं नाक पुसत म्हणाल्या. "रोज एवढंच तर असतं पाणी. रोज तर पिता तुम्ही." मग त्यांचा हात थांबला. "रोज डोकं वर घेता येतं..."

त्यांनी वाटीकडे पाहिलं. मग माझ्या भोकाकडे. मग हळूच मान वळवून त्या उबेच्या कपाटाकडे बघू लागल्या.

त्यांनी कुणालाही न विचारता माझी खिटी काढली. जावईबापूंना बाहेर घेऊन पदरात गुंडाळलं. सर आणि बाई मलम घेऊन दारात आले, तर समोर मावशी ओलेत्या उभ्या.

"ताई, त्या वाट्यांतल्या कातडीला नाक असतं का हो?"

सरांना हसू आलं. "मावशी, काय विचारताय हे?"

बाई हसल्या नाहीत. "नाक नसतं. पण हवा लागते. का?"

"कुठून लागते?"

"वरून."

"मग मी बुडवली तिला," मावशी म्हणाल्या. "दर सुट्टीला. तुम्ही दाखवली होती ना ती रेघ, तिच्या वर भरत होते मी. पार काठापर्यंत. म्हटलं, घरात कुणी नाही, लेकरं उपाशी राहतील."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. जावईबापू पदरात शिंकले.

"मी तुम्हाला कारण सांगितलंच नाही," बाई म्हणाल्या.

"मी तरी कुठे विचारलं?"

सर घसा खाकरून म्हणाले, "हे ठीक आहे. पण नवी कातडी वाढायला वेळ लागेल. मलमवाले तोवर थांबायचे नाहीत. ससा ठेवा आत."

मावशींनी पदर घट्ट धरला. जन्मात त्या सरांना नाही म्हणाल्या नव्हत्या. "थांबतील सर. बाळ व्हायला थांबतात की नाही माणसं? त्याच बाळांचं मलम आहे. आणि यांना मी काही आता आत ठेवणार नाही. दुसऱ्या कुणाला ठेवूही देणार नाही."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि पदरातून बाहेर आलेल्या त्या ओल्या नाकाकडेही पाहिलं. "एक खेप," ते म्हणाले. "फक्त एक. ती फसली, तर मात्र मला कुणी काही सांगायचं नाही."

पुढचे दिवस फार कठीण गेले. मला कुठे ठेवायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी मेजावरच होतो, झाकण उघडं, खिटी लोंबकळती. ती पुन्हा फिरणार की नाही हे त्या इवल्याशा वाट्यांवर होतं. सुट्टीच्या दिवशी मावशी आल्या. पाणी रेघेला टेकलं, तशी त्यांनी बाटली लांब नेऊन ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागे धरून त्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. मी त्यांना कितीतरी वेळा भरताना पाहिलं होतं. न भरताना त्यांना जेवढे कष्ट पडले, तेवढे कधी पडलेले दिसले नव्हते.

निकालाच्या दिवशी बाई वाट्यांवर वाकल्या होत्या. सर मागे उभे. मावशी दाराबाहेर, आत यायला तयार नाहीत.

"जांभळी!" बाई किंचाळल्या. "मावशी, या इकडे! वांग्यासारखी जांभळी झालीय!"

पाण्याची वाटी जांभळी होती. तिखट औषधाने जी मरायला हवी होती, ती मेली होती. आणि मलमाच्या वाट्या पाण्याच्या वाटीसारख्याच जांभळ्या. बाळांचं मलम पास झालं. मावशी मोरीपाशी जाऊन तोंडावर पाणी मारून आल्या. डोळ्यांत फिनेल गेलं म्हणाल्या.

"तो ससा," सर जाता जाता म्हणाले, "आता इथे कशाला ठेवायचा?"

मावशी दार अडवून उभ्या राहिल्या. सर म्हणाले, "घरी घेऊन जा म्हणतोय."

पत्र्याचे खोडे भंगारात गेले. माझीही पाळी होती, पण मावशींनी मला मागून घेतलं. "हे कशाला आणलंस घरात?" त्यांचा नवरा कुरकुरला. "याच्यापाशीच तर मला कळलं," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्याकडून खिटी मुळासकट काढून घेतली. झाकण काढलं. मागची फळीही काढली. आत मऊ गवत पसरलं आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, उन्हाच्या तिरिपेला मला ठेवलं.

जावईबापू आत आले नाहीत. पहिल्या दिवशी नाही, नंतरही नाही. मावशींनी कोबी ठेवून पाहिला. त्यांनी लांबूनच नाक मुरडलं आणि पाठ फिरवून बसले. "रुसलेत अजून," मावशी म्हणाल्या. मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही आलो नसतो.

मित्रांनो, तुम्ही कधी ना कधी कुणाची तरी काळजी घ्याल. कुंडीतल्या रोपाची, धाकट्या भावंडाची, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची. मन भरून द्या, पण त्याला वर थोडी हवा राहतेय ना, एवढं बघत जा. कुणाला एखादी रेघ दाखवाल, तर ती कशासाठी आहे तेही सांगा. कळलं नाही तर विचारा, लाजू नका. आणि जो अडकलेला आहे, त्याला स्वतःची खिटी काढता येत नाही. ती नेहमी बाहेरच्या बाजूला असते. तुम्ही बाहेर असाल, तर हात पुढे करा.

कालची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. दुपारी मावशी भांडी आवरत होत्या. जावईबापू फिरत फिरत माझ्याजवळ आले. आत आले नाहीत. बाहेरूनच त्यांनी माझ्या भोकाची कड हुंगली, जिथे त्यांची मान अडकली होती तीच. मग मावशी बघत नाहीत असं बघून त्यांनी तिच्यावर हनुवटी घासली. एकदा इकडून, एकदा तिकडून. आणि काही झालंच नाही अशा तोऱ्यात निघून गेले.

तो म्हातारा सुतार अजून त्या बोळात असेल, तर त्याला कुणीतरी एवढं सांगाल का? म्हणावं, कड छान घासली होती.